जावा समुद्राच्या तळाशी नदी? समुद्र खाली गेला तेव्हा पाऊस कुठे गेला होता?

दर्यावर्दी_दापोली
नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं नुसता वाचतोय, हा पहिलाच धागा. चूकभूल द्यावी घ्यावी.

समुद्राखालून केबल टाकायच्या आधी तळ तपासावा लागतो, त्या सर्व्हेच्या जहाजावर मी कामाला आहे. सध्या मुक्काम जावा समुद्रात. आपण कोकणातली माणसं, समुद्र म्हणजे खोल असं लहानपणापासून डोक्यात बसलेलं. इथे मात्र तीन दिवस झाले, खोलीचा आकडा ४० ते ५५ मीटरच्या बाहेर जायला तयार नाही. चहूकडे क्षितिजापर्यंत पाणी, आणि खाली जेमतेम पंधरा मजली इमारत बुडेल एवढंच.

परवा रात्रीच्या वॉचला तळाखालचे थर दाखवणाऱ्या यंत्रावर एक गंमत दिसली. वर तळाची सपाट रेघ, आणि तिच्याखाली एक रुंद खोलगट भाग, गाळाने काठोकाठ भरलेला. आमच्याबरोबर इंडोनेशियातल्या भूगर्भशास्त्राच्या बाई आहेत, सगळे त्यांना आदराने 'बू' म्हणतात. त्यांनी पडद्याकडे बघून एकच शब्द उच्चारला, "सुंगाई." म्हणजे नदी.

दुसऱ्या दिवशी तिथेच नळी ठोकून नमुना काढला. वर राखाडी चिखल, त्यात शिंपल्यांचा चुरा. दोनेक मीटर खाली एकदम काळा थर, हातात घेतला तर तंतू तंतू सुटत होते. वास आमच्या खाडीच्या कांदळवनातला, अगदी तोच. बू म्हणाल्या, "समुद्र खाली होता तेव्हा ही जमीन होती. आणि तेव्हा इथे पाऊसही कमी होता, समुद्र खाली होता म्हणून."

तो 'म्हणून' माझ्या घशाखाली उतरेना. हिमयुगात थंडीमुळे बर्फ साठलं, समुद्र उतरला, हे समजतं. थंडीमुळे पाऊस कमी झाला, हेही समजतं. पण समुद्र उतरल्यामुळे पाऊस कमी? इथे कारण कोण आणि परिणाम कोण? जाणकारांनी सांगावं.

कोरडा_विनोद
पहिलाच धागा आणि पहिल्याच फटक्यात समुद्र आटवलात! स्वागत. चहा घेऊन बसतो.

मृद्गंधा
अरे वा, माझ्या आवडीचा विषय. (मी शाळेत भूगोल शिकवते, पण एकेकाळी याच विषयात संशोधन अर्धवट सोडलंय. तेव्हा थोडी जखमेवरची खपली.)

आधी आकडे. सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपवर दोन-तीन किलोमीटर जाडीचं बर्फ होतं. ते पाणी समुद्रातूनच गेलेलं, त्यामुळे जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटरने खाली. आता दर्यादादांचा ४०-५५ मीटरचा आकडा बघा. म्हणजे सुमात्रा, जावा, बोर्निओ आणि मलायाचं टोक ही सगळी एकसंध जमीन होती. तिला सुंदालँड म्हणतात. नव्याने उघडी पडलेली जमीनच महाराष्ट्राच्या पाच-सहा पट भरेल.

नदीचं म्हणाल तर त्या नद्या आता जुन्या ओळखीच्या आहेत. मोलेनग्राफ नावाच्या डच भूवैज्ञानिकाने १९२१ मध्येच या बुडालेल्या खोऱ्यांबद्दल लिहून ठेवलंय. आणि मला सगळ्यात आवडणारा पुरावा म्हणजे मासे. सुमात्रातल्या नद्या आणि पश्चिम बोर्निओतली कापुआस यांच्यात गोड्या पाण्यातल्या माशांच्या बऱ्याच जाती सारख्या आहेत. मध्ये शेकडो किलोमीटर खारं पाणी. मासे काही विमानाने गेले नाहीत, दोन्हीकडच्या नद्या तेव्हा एकाच मोठ्या नदीला मिळत होत्या.

पावसाचं संध्याकाळी लिहिते, पेपर तपासायचेत.

घाटमाथा
म्हणजे तेव्हा सिंगापूरहून बालीला चालत जाता आलं असतं? व्हिसाचा आणि विमानाचा खर्च वाचला असता राव.

मृद्गंधा
@घाटमाथा, बालीपर्यंत आरामात. पुढे लोंबोकला मात्र नाही. मधली सामुद्रधुनी इतकी खोल आहे की १२० मीटर उतरूनही पाणी राहिलंच. वॉलेस या निसर्ग-अभ्यासकाने तिथेच दोन्हीकडच्या प्राण्यांमधली सीमारेघ ओढली होती. बालीत विसाव्या शतकापर्यंत वाघ होता, पलीकडच्या लोंबोकमध्ये कधीच नव्हता. मधलं अंतर म्हणाल तर मुंबई-अलिबागच्या थोडं पुढे.

साडेतीन_शहाणे
माहिती छान, पण धागाकर्त्याचा प्रश्न बाजूलाच राहिला. आणि माझ्या मते त्यांची शंका बरोबर आहे.

हिमयुगात हवेतला कार्बन डायऑक्साइड १९० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १९०) आसपास होता, औद्योगिक क्रांतीच्या आधी २८०. उष्ण कटिबंधातला समुद्रही दोन-तीन अंशांनी थंड होता. थंड समुद्र, कमी बाष्प, कमी पाऊस. एवढ्यात सगळं बसतं. समुद्राची पातळी हा त्याच थंडीचा दुसरा परिणाम. ताप आला की अंगही दुखतं आणि तोंडही कडू होतं, म्हणून अंगदुखीने तोंड कडू झालं असं कोणी म्हणत नाही.

रातांबा
+१. उदाहरण पटलं.

निवृत्त_ढग
साडेतीनराव, उदाहरण झकास, पण रोगी चुकीचा निवडलात.

मी आयुष्य हवामान खात्यात काढलं, पुण्यात. पुणेकरांना सिमला ऑफिस चौक माहीत असतो, पण त्याला सिमला का म्हणतात ते दहातल्या आठांना सांगता येत नाही. खात्याचं मुख्यालय आधी सिमल्याला होतं, ते १९२८ मध्ये पुण्याला आलं, नाव मात्र चिकटून राहिलं. त्या सिमल्याच्या काळात, १९०४ ते १९२४, गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख होते. मूळचे गणिती. १८९९ च्या दुष्काळाच्या आठवणी ताज्या होत्या आणि मान्सूनचा अंदाज हवा होता. त्यांनी जगभरचे हवेच्या दाबाचे आकडे घेऊन त्यांचे एकमेकांशी संबंध तपासले. पॅसिफिकच्या एका टोकाला दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला उतरतो, असा हा झोपाळा त्यांनी दाखवला. पुढे १९६९ मध्ये बियर्कनेस यांनी त्यामागचं वाऱ्याचं चक्र समजावून दिलं आणि त्याला वॉकरांचं नाव दिलं.

त्या चक्राचा वर जाणारा खांब कुठे उभा आहे? नेमका दर्यावर्दींच्या डोक्यावर. इंडोनेशियाची बेटं, त्यांच्यामधले उथळ समुद्र, २८ अंशांच्या वर तापलेलं पाणी. १९६८ मध्ये रॅमेज यांनी या भागाला 'सागरी खंड' असं नाव दिलं, कारण तो ना धड समुद्र ना धड जमीन. तिथे हवा वर चढते, धो धो पाऊस पडतो, आणि तीच हवा दूर पूर्व पॅसिफिकवर आणि पश्चिम हिंदी महासागराकडे खाली उतरते. अर्ध्या पृथ्वीचा पाऊस त्या खांबाच्या तब्येतीवर चालतो म्हटलं तरी चालेल.

आता त्याच खांबाखालचं पाणी काढून घ्या. किनाऱ्याच्या कडेची पट्टी नव्हे, चुलीखालचा जाळच. जगात इतरत्र समुद्र १२० मीटर उतरला तर किनारा थोडा सरकतो. इथे उतरला तर चुलीचीच जागा बदलते. म्हणून इथे समुद्राची पातळी नुसता परिणाम राहत नाही.

रातांबा
ढगकाका, जरा इस्कटून सांगा ना. जमीन तर समुद्रापेक्षा जास्त तापते. मग उघडी जमीन म्हणजे जास्त जाळ नाही का?

साडेतीन_शहाणे
हेच विचारणार होतो. आजही बोर्निओवर, जावावर दुपारनंतर जमीन तापूनच ढग चढतात. मग मोठी जमीन म्हणजे मोठे ढग.

निवृत्त_ढग
दोघांचाही प्रश्न रास्त आहे, आणि शास्त्रज्ञांची मॉडेलं, म्हणजे संगणकावर हवामानाचं गणित मांडून पाहणारे प्रोग्राम, नेमकी इथेच भांडतात.

अंगणात उन्हाला परात ठेवा आणि शेजारी पाण्याने भरलेला हौद. दुपारी परातीला हात लावता येणार नाही. रात्री तीच परात गार, हौद मात्र कोमट. पाऊस पाडायला नुसती तापलेली परात पुरत नाही, दिवसरात्र बाष्प देणारा हौद लागतो. शिवाय उघडी जमीन पाण्यापेक्षा जास्त ऊन परतवून लावते, म्हणजे एकूण उष्णताच कमी साठते. आजच्या बेटांची दुपारची गंमत चालते कारण प्रत्येक बेटाला चारी बाजूंनी हौद आहे. हौद बुजवून सगळी परातच केली तर?

काही मॉडेलं म्हणतात, जमीन वाढली की ढग वाढले. काही म्हणतात, उलट. २०१३ मध्ये डिनेझिओ आणि टिअर्नी यांनी जमिनीवरचे आणि समुद्रातले जुन्या पावसाचे पुरावे एकत्र करून बऱ्याच मॉडेलांशी ताडून पाहिले. पुरावा सांगत होता की सागरी खंडाचा मधला भाग कोरडा आणि हिंदी महासागराची पश्चिम बाजू ओली. ते चित्र नीट जमलं ब्रिटिश हवामान खात्याच्या एका मॉडेलला, आणि त्यात सुंदाची जमीन उघडी पडल्यामुळेच तो खांब खचला होता.

साडेतीन_शहाणे
म्हणजे बरीच मॉडेलं चुकली, एक जुळलं, आणि आपण त्या एकाला हार घालतो. आमच्या सोसायटीतही निवडणुकीचा अंदाज एका काकांचा दरवेळी बरोबर येतो, कारण ते प्रत्येकाला वेगळा सांगतात.

मृद्गंधा
😀 पेपर तपासून आले. साडेतीनराव, मॉडेल बाजूला ठेवा. तुमचा मुद्दा असा की थंडी हेच कारण. तर मग दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वेळी घडल्या असतील अशी जागा शोधायला हवी. ती आहे.

इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर लियांग लुआर नावाची गुहा आहे. तिथल्या चुनखडीच्या खांबांचा अभ्यास २००९ मध्ये छापून आला. छतावरून ठिबकणाऱ्या पाण्यातून हे खांब थर थर वाढतात आणि थरांमधल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (हलक्या-जड प्रकारांच्या प्रमाणावरून) पाऊस किती होता हे ताडता येतं. तिथे पाऊस ठळकपणे वाढला तो ११ हजार ते ७ हजार वर्षांपूर्वीच्या काळात. तोपर्यंत कार्बन डायऑक्साइड जवळपास वर आलेला होता, उष्ण समुद्रही बऱ्यापैकी तापला होता. मग त्या चार हजार वर्षांत तिथे काय बदलत होतं? सुंदाची जमीन पाण्याखाली जात होती. पावसाची चढण आणि समुद्राची चढण हातात हात घालून चालते.

ताप उतरून गेल्यावरही तोंड कडूच राहिलं, तर वैद्य दुसरं काहीतरी शोधतो की नाही?

साडेतीन_शहाणे
हा मुद्दा दमदार आहे. पण त्याच काळात पृथ्वीच्या डुलण्यामुळे ऋतूंमधलं ऊनही बदलत होतं ना? आपला मान्सून १०-९ हजार वर्षांपूर्वी जोरात होता तो त्यामुळेच, असं वाचलंय.

मृद्गंधा
बरोबर, आपल्याकडे. पण फ्लोरेस दक्षिण गोलार्धात. तिथला पावसाळा डिसेंबर-जानेवारीत, आणि तेव्हा तिथलं उन्हाळी ऊन आजच्यापेक्षा कमी होतं. डुलण्याच्या हिशेबाने त्या काळात तिथे पाऊस कमी हवा होता आणि नंतर हळूहळू वाढायला हवा होता. तो सात हजारपर्यंत भराभर वाढला, त्यामुळे समुद्राकडे बोट जातं. एकट्या समुद्राकडे नाही, हे मान्य.

कोरडा_विनोद
साडेतीन शहाणे आता अडीच झाले.

शिंपलेवाली
गोव्याहून हजेरी. (एके काळी समुद्राच्या गाळातले सूक्ष्म शिंपले सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं काम केलंय. चष्म्याचा नंबर तिथेच वाढला.)

ढगकाकांच्या चुलीला जोडून हिंदी महासागराचं सांगते, कारण आपला संबंध तिथे येतो. विषुववृत्तावर वारा साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि कोमट पाणी सुमात्राच्या बाजूला ढकलतो. चूल विझली की तो वारा मंदावतो, उलटाही फिरतो. मग जावा-सुमात्राच्या किनाऱ्याला खालचं गार पाणी वर येतं. गार पाण्यावर ढग चढत नाहीत, पाऊस आणखी कमी, वारा आणखी उलटा. एकदा घसरगुंडी लागली की ती स्वतःलाच ढकलते.

हे ओळखीचं वाटतंय का? २०१९ आठवा. त्या वर्षी हिंदी महासागर असाच एका बाजूला कलला होता, पश्चिमेला गरम आणि पूर्वेला गार. आपल्याकडे मान्सून ऑक्टोबर उजाडला तरी परतायचं नाव घेईना, आणि तिकडे इंडोनेशियात, ऑस्ट्रेलियात वणवे. त्याला आपण द्विध्रुव म्हणतो. डिनेझिओ आणि मंडळींचंच २०१८ चं काम असं सांगतं की हिमयुगात हिंदी महासागर काहीसा अशाच अवस्थेत अडकून बसला होता. आणि त्यात सुंदाइतकाच साहूलचाही हात. साहूल म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधला उथळ भाग. तिथे तेव्हा कार्पेंटारियाच्या आखातात चक्क एक प्रचंड तळं होतं.

घाटमाथा
थांबा. २०१९ सारखं असेल तर हिमयुगात भारतात पाऊस जास्त हवा. पण मान्सून तेव्हा कमजोर होता असंच सगळीकडे लिहिलेलं असतं.

शिंपलेवाली
नेमकं बोट ठेवलंत. कमजोरच होता, अरबी समुद्राच्या गाळातही तेच दिसतं. द्विध्रुवाचा हातभार एका पारड्यात, आणि दुसऱ्या पारड्यात गारठलेला आशिया, थंड समुद्र, कमी कार्बन. दुसरं पारडं जड. म्हणजे भारतापुरते साडेतीनराव बरोबर, आणि जावापुरत्या बू बरोबर. एकाच उत्तराने दोन्ही ठिकाणी भागत नाही.

साडेतीन_शहाणे
चला, अर्धा परत मिळाला. आता तीन.

रत्नागिरीकर_अण्णा
धागा उशिरा पाहिला. हे सगळं जावा-सुमात्राचं झालं. आपल्या किनाऱ्याचं काय? परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला ही कथा म्हणजे याचीच आठवण नाही का? आणि द्वारका?

कोरडा_विनोद
आली द्वारका. मी कप पुन्हा भरून आणतो.

शिंपलेवाली
अण्णा, कथेचा मान ठेवून सांगते. समुद्र हटण्याचा शेवटचा मोठा काळ २० हजार वर्षांपूर्वीचा. त्यानंतर तो चढतच आला आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी साधारण आजच्या जागेला आला. तेव्हा परशुरामाचा बाण मधल्या लहान चढउतारांना लावता येईल, पण १२० मीटरला नाही. हर्णे-केळशीकडे किनाऱ्यावर वाळू-शिंपल्यांचा जो दगड झालेला असतो, ज्याला आपण करल म्हणतो, त्याचा काही भाग आजच्या भरतीच्या वर आहे. ती अशा लहान चढउताराची खूण मानतात.

आपल्याकडचं खरं दृश्य मला फार आवडतं. मुंबईसमोरचा उथळ भाग जवळपास तीनशे किलोमीटर रुंद आहे. म्हणजे तेव्हाच्या मुंबईकराला चौपाटीवर जायला पुण्याच्या दुप्पट अंतर, उलट्या दिशेने. आणि विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत पाण्याखाली प्रवाळांचा पठारी भाग आहे, कान्होजींच्या नावाने आंग्रिया बँक म्हणतात तो. त्याचा माथा पाण्याखाली वीस-बावीस मीटरवर. समुद्र १२० मीटर खाली असताना ते एक उंच बेट असणार.

रत्नागिरीकर_अण्णा
आंग्रे तिथे जहाजं लावत असते तर इंग्रजांचं काही खरं नव्हतं.

निवृत्त_ढग
अवांतर, पण मुंबईचंच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रिन्सेस डॉक खोदताना ओहोटीच्या पातळीखाली चिखलात खैराची खोडं सापडली, काही मुळांसकट उभीच्या उभी. खैर काही समुद्रात वाढत नाही. तेव्हाच्या मंडळींनी जमीन खचली असं म्हटलं. समुद्र चढला की जमीन खचली, हा वाद मुंबईच्या गोदीतसुद्धा जुनाच.

रातांबा
मग एक भोळा प्रश्न. आता समुद्र वाढतोय. सुंदा बुडाल्यावर पाऊस वाढला होता, तर आताही वाढेल का?

मृद्गंधा
नाही गं. सुंदा आधीच बुडलेली आहे. हौद भरल्यावर वर एक तांब्या ओतला तर हौद मोठा होत नाही, फक्त कडेची जमीन ओली होते. आणि ती कडेची जमीन म्हणजे जकार्ता. ते शहर तर भूजल उपसून स्वतःच खाली चाललंय, समुद्राने यायची वाटही बघत नाही. पाऊस बदलतोय तो तापमानामुळे, तो वेगळा धागा.

समुद्र केवढ्या वेगाने वाढू शकतो हे मात्र याच भागातून कळलं. सुंदाच्या उतारावरच्या गाळातून कांदळवनांचे अवशेष काढून २००० मध्ये दाखवलं गेलं की १४,६०० वर्षांपूर्वीच्या सुमारास अवघ्या तीनशे वर्षांत समुद्र १६ मीटर चढला. शतकाला पाच मीटर! कोणाच्या तरी आजोबांनी दाखवलेलं झाड नातवाच्या म्हातारपणी पाण्यात असेल.

दर्यादादा, तुमचा काळा थर त्याहून तरुण असणार, कारण ४०-५० मीटरवर समुद्र पोचला तो १० हजार वर्षांपूर्वीच्या आसपास.

घाटमाथा
त्या जमिनीवर जंगल होतं की गवत? कोरडं होतं म्हणता, मग वाघ-हत्ती कसे चालत गेले?

शिंपलेवाली
यावर अजून भांडणं आहेत, आणि पुरावा कुठून आलाय ते ऐका: वटवाघळांच्या शेणातून. गुहांमध्ये हजारो वर्षांचा त्याचा थर साचलेला असतो. वटवाघळं किडे खातात, किडे गवत किंवा झाडं खातात, आणि त्याची खूण कार्बनमध्ये उतरते. मलायाच्या आणि फिलिपिन्समधल्या पलावान बेटाच्या गुहांत गवताची खूण सापडली, बोर्निओच्या नियाहमध्ये जंगल टिकलेलं. म्हणजे सगळं वाळवंट नव्हे. मधे कुठेतरी मोकळी माळरानं, कडेला जंगल.

कोरडा_विनोद
एवढं शिकून शेवटी शेणच ढवळायचं होतं तर आमचा गोठा काय वाईट होता.

दर्यावर्दी_दापोली
मंडळी, इथे नेट सकाळी अर्धा तास मिळतं, म्हणून उशीर. सगळं वाचलं, बरंचसं दोनदा. 'म्हणून' आता उतरला घशाखाली. साडेतीनरावांचे विशेष आभार, ते भांडले नसते तर ढगकाका एवढं बोलले नसते.

काल बूंना परात आणि हौद समजावून सांगितलं, मोडक्या इंग्रजीत. हसल्या आणि नमुन्याच्या नळीचा दुसरा अर्धा भाग उघडून दाखवला. काळ्या थराच्या खाली फिकट, कडक माती होती, तांबूस डाग असलेली, अंगठा दाबला तरी उमटत नव्हता. त्यात बारीक उभी भोकं. त्या म्हणाल्या, ही मुळांची. कांदळवन यायच्या आधी इथे उन्हात वाळलेली जमीन होती. एवढ्या पाण्याखाली कोरडी माती हातात घ्यायला कसं वाटतं ते नीट सांगता येणार नाही. आमच्या वरच्या खळ्यातली वाटली.

आज बालीच्या उत्तरेकडून पुढे निघालो. पहाटे चारच्या वॉचला आकडा ५८ होता. चहा आणायला खाली गेलो, परत येऊन बघतो तर तीनशे ओलांडून गेला होता आणि थांबायचं नाव घेत नव्हता. अर्धा चहा शर्टावर.

घाटमाथा
काठावर वाघ बसला होता का बघितलंत?